आईचा कॉम्प्युटर : नवी सिस्टीम टाकण्याआधीच्या नोंदी

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार, सातारा

दुपारी पुण्याहून पोचलो. दिवाळीच्या आवराआवरीत यंदा माळा माझ्याकडे नाही, कॉम्प्युटर आहे. कॅबिनेटवर दसऱ्याचं हळदकुंकू अजून दिसतंय, बरोबर पॉवर बटणाच्या वर. मागच्या पंख्याच्या जाळीत झेंडूची वाळकी पाकळी.

मशीन २०१४ साली जोडून घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. आलं तेव्हा विंडोज ७ होतं, पुढे त्याचंच १० झालं. मायक्रोसॉफ्ट विंडोज १० चा सपोर्ट येत्या मंगळवारी, १४ तारखेला थांबवतंय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणजे आपण चार इयत्ता मागे. वर्षभराची मुदतवाढ घेता येते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. म्हणजे पुढच्या दिवाळीत पुन्हा हेच. त्यापेक्षा नवी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम, असं मी ठरवून आलोय.

बाबांचा पहिला प्रश्न : "मंगळवारी बंद पडणार का?"
"नाही. चालेल. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतील."
"मग चालू दे की."

आईचं मत वेगळं. ती म्हणाली, बटण दाबून कुकर लावते, तीन शिट्ट्या झाल्या की पडदा येतो. एवढ्या वेळात अर्ज हाताने लिहून होतो.

आज फक्त बघायचं, हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. सी ड्राइव्ह शंभर जीबी, बाकी सगळा डी. डीमध्ये 'फोटो', 'गाणी', 'आई टायपिंग', 'ताई', 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', आणि त्या दुसऱ्याच्या आत पुन्हा 'फोटो'. डेस्कटॉपवर इतके आयकॉन की वॉलपेपरचा गणपती फक्त सोंडेपुरता दिसतो.

मग डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं आणि बेत बदलला. पिवळा चौकोन. वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर (डिस्कचे बारीक कप्पे) : १६. आकडा छोटा आहे, पण तो शून्यच असायला हवा. अकरा वर्षं फिरलेली डिस्क आहे, तिला दोष नाही. मात्र आता ती जितकी कमी फिरेल तितकं बरं.

तरी घाई केलीच. एक टीबीची बाहेरची डिस्क लावून रोबोकॉपी (विंडोजमधलंच, फाइली कॉपी करणारं साधन) सुरू केलं आणि झोपायला गेलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी उठून बघतो तर रोबोकॉपी रात्री साडेबारापासून एकाच फाइलवर अडलेलं. दोष माझाच. एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, आणि दर वेळी मध्ये ३० सेकंद थांबतं. किती वेळा आणि किती थांबून, हे सांगायला दोन छोटे पर्याय असतात. ते मी दिलेच नव्हते. गणित केलं : नुसतं थांबण्यातच ३४७ दिवस. आणि आजारी डिस्कच्या दुखऱ्या जागेवर रात्रभर ठोकत राहणं म्हणजे सुजलेल्या गुडघ्यावर जिने चढायला लावणं.

नवा क्रम : आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा, फाइली नंतर त्या प्रतिमेतून. मिंटचा पेन ड्राइव्ह पुण्याहून करून आणला होता (सुमारे तीन जीबीची आयएसओ, उतरवल्यावर तिची शा-२५६ ओळख, म्हणजे फाइलीवरून काढलेला ठशासारखा आकडा, संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून घेतली होती). मशीन पेन ड्राइव्हवरून चालू केलं, म्हणजे विंडोज झोपलेलंच राहिलं. तिथे डीडीरेस्क्यू टाकलं. हे हत्यार शहाणं आहे : सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेली जागा टिपून ठेवून पुढे जातं, आणि त्या जागांकडे शेवटी परत येतं. टिपणाची फाइल जपली तर मध्ये लाईट गेली तरी राहिल्या जागेपासून सुरू होतं. यूपीएसची बॅटरी केव्हाच गेली आहे, त्यामुळे हे महत्त्वाचं.

वेग सेकंदाला ३० एमबी. म्हणजे साडेचार तास. कपाळाला हात लावला आणि मग लक्षात आलं की बाहेरची डिस्क पुढच्या पोर्टमध्ये खोचली आहे. मागचे दोन निळे पोर्ट यूएसबी ३ चे. थांबवलं, केबल मागे लावली, पुन्हा सुरू. ९५. टिपणाची फाइल असण्याचा हा पहिला फायदा.

जेवण होईपर्यंत काम संपलं. न वाचता आलेलं : ८१९२ बाइट. १६ सेक्टर, दर सेक्टर ५१२ बाइट. हिशोब काल दिसलेल्या आकड्याशी चोख जुळला. ५०० जीबीतून आठ केबी गेले. रोबोकॉपी जिथे अडलं होतं ती फाइल ताईच्या साखरपुड्याच्या व्हिडिओचा तिसरा तुकडा. प्रतिमेतून काढून लावून बघितला. पेढा भरवताना सेकंदभर पडद्यावर हिरवे चौकोन येतात, मग सगळे पुन्हा हसतात.

संध्याकाळच्या एसटीने परत. मशीन बंद, प्लग काढलेला, वर कागद : 'लावू नये'. आई म्हणाली, दाराला देवीची पाटी लावतात तसं दिसतंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार, पुणे

बाबांचा फोन : "आज काही झालं नाही."

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

सुटीला घरी. कॅबिनेट गच्चीत नेऊन उघडलं. नाकातोंडाला रुमाल बांधून ब्लोअर मारला. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची चक्क गादी, आणि पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात पालीच्या अंड्याची दोन टरफलं. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी झाली होती; पुसून नवी लावली.

एक गंमत आज कळली. आई रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की आधी तारीख घालते. मी विचारलं, का? तर म्हणे घालायचीच असते ना, ऑफिसात शिक्क्याची तारीख बदलायचो तशी. (आईने तीस वर्षं वकिलांकडे टंकलेखन केलं.) तारीख घातली नाही तर बँकेचं पान उघडत नाही, एवढं तिने अनुभवाने शोधून काढलं होतं. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल, सीआर२०३२, संपलाय. प्लग काढला की घड्याळ १ जानेवारी २०१४ वर जातं, आणि मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं 'अजून लागू न झालेली' ठरतात. सेल बदलायला दोन मिनिटं लागली.

आणि त्या दोन मिनिटांनी संध्याकाळ खाल्ली. मशीन लावलं तर निळा पडदा, बूट डिस्क सापडत नाही. बंद-चालू, तेच. बाबा मागे उभे, काही न बोलता. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

कारण असं : सेल मेला तरी प्लग लावलेला असेतोवर बायॉसच्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंग टिकत होत्या. प्लग निघायचा तेव्हा घड्याळ जायचं, पण जोडणाऱ्याने २०१४ साली डिस्कसाठी घातलेला आयडीई मोड (डिस्कशी बोलायची जुनी पद्धत) कसा कोण जाणे तसाच राहायचा. आज सेल काढून घातल्यावर सगळं मूळपदावर गेलं आणि मोड एएचसीआय, म्हणजे नव्या पद्धतीचा, झाला. विंडोज ज्या मोडवर बसवलेलं असतं तो अचानक बदलला तर त्याला स्वतःचीच डिस्क ओळखता येत नाही. बायॉसमध्ये जाऊन पुन्हा आयडीई केलं, आलं. शोधायला दीड तास, करायला दहा सेकंद. बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो आता काढला. आधी काढायला हवा होता, हे लिहायची गरज नाही, पण लिहितो.

नव्या एसएसडीवर अर्थात एएचसीआयच ठेवायचं आहे.

या तारखांचा आणखी एक उपद्रव रात्री दिसला. 'आई टायपिंग'मध्ये एकाच नावाच्या दोन-दोन फाइली आहेत. मी सरळ जुनी तारीख असलेली टाकून देणार होतो. पण 'सोसायटी इतिवृत्त' उघडून बघितलं तर १ जानेवारी २०१४ दाखवणाऱ्या फाइलीत गेल्या वर्षीच्या पाण्याच्या टाकीचा ठराव आहे! आई ज्या दिवशी तारीख घालायला विसरली, त्या दिवशीचं सगळं काम २०१४ मध्ये जाऊन पडलंय. म्हणून नियम : या फोल्डरमधलं काहीही तारखेवरून टाकायचं नाही. दोन्ही ठेवायच्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस पूर्ण त्या एका फोल्डरवर गेला, आणि जायलाच हवा होता.

फोटो, गाणी, व्हिडिओ यांचं काम सोपं असतं. कॉपी करा, संख्या जुळवा, दोन्हीकडच्या शा-२५६ यादीत फरक नाही ना बघा, झालं. १८ हजारांवर फोटो चहा होईपर्यंत ताडून झाले. 'आई टायपिंग'मध्ये मात्र ६१२ वर्ड फाइली आणि २३ पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामच्या. त्याही कॉपी झाल्या, शा-२५६ जुळलं, सगळं हिरवं. मग सहज माझ्या लॅपटॉपवर एक उघडली. पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा.

फाइल बिघडलेली नव्हती. ती पहिल्यापासून तशीच आहे. हे युनिकोडच्या आधीच्या चालीचं टायपिंग : क्रुती देव, शिवाजी असले फॉन्ट. त्यात फाइलीच्या पोटात मराठी नसतंच. असतात इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवतो. ई, जे, के, मोठा बी, एच ही पाच अक्षरं ओळीने टाइप करून क्रुती देव लावा, पडद्यावर 'मराठी' दिसतं. फॉन्ट काढा, पुन्हा ई-जे-के-बी-एच. युनिकोडमध्ये म, र, काना, ठ, वेलांटी यांना स्वतःचे क्रमांक आहेत, फॉन्ट कुठलाही असो. आईच्या फाइलींत ते नाहीत. म्हणजे मी मघाशी ६१२ कुलपं शा-२५६ लावून जपली आणि किल्ली सी ड्राइव्हच्या फॉन्ट फोल्डरमध्येच पुसली जायला ठेवली होती.

काय आहे त्यात? भाडेकरार, मृत्युपत्रांचे मसुदे (ज्यांचे आहेत त्यांचे, मी उघडले नाहीत), सोसायटीची इतिवृत्तं, भजनी मंडळाची अख्खी वही, आजीने सांगितलेल्या अनरशांच्या आणि मेतकुटाच्या कृती, माझ्या मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर. 'सर्वसाधारण अर्ज' नावाच्या एकूण ३४.

तीन प्रती करायच्या ठरवल्या. पहिली मूळ फाइल, सोबत फॉन्ट. सी ड्राइव्हवरचे सगळे मराठी फॉन्ट उचलून त्याच फोल्डरमध्ये ठेवले.

दुसरी पीडीएफ. ही याच मशीनवर, विंडोज जिवंत असेतोवरच व्हायला हवी, कारण फॉन्ट इथे बसलेले आहेत आणि पीडीएफ ते आपल्या पोटात घेऊन जाते. लिब्रेऑफिसला पडद्यामागून कामाला लावून ६१२ फाइली एका दमात दिल्या. तास लागला. पेजमेकरच्या २३ एकेक उघडून विंडोजच्या 'प्रिंट टू पीडीएफ'ने काढल्या. तेवढ्या वेळात आईने चकलीचा घाणा संपवला. डिस्क मध्येच गेली तर काय, ही धाकधूक नव्हती. प्रतिमा हातात होती.

तिसरी प्रत युनिकोड. रूपांतरासाठी मजकूर चिकटवायचा आणि बदलून घ्यायचा, अशी साधनं आहेत. तीन फाइली करून बघितल्या. मुख्य अडचण दोन चिन्हांची. टाइपरायटरच्या वळणात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी ठोकतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं : हाताने ठोकताना तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. साध्या शब्दाला चालतं, जोडाक्षर आलं की 'स्थिती'सारख्या शब्दांत वेलांटी कुठल्या कुठे जाऊन बसते.

दुसरी अडचण विनोदी. मजकूर नुसता चिकटवला की कुठला तुकडा कुठल्या फॉन्टात होता हे हरवतं. आईने अर्जात मध्येच इंग्रजीत 'बँक' लिहिलं होतं, साध्या इंग्रजी फॉन्टात. साधनाने तेही मराठी समजून बदललं : 'ठंदा'. बँकेचं नाव 'ठंदा' आणि ईमेल पत्त्यातल्या ॲटच्या जागी तिरकी रेघ. आईला दाखवलं. ती हसून हसून खाली बसली. आता पासबुकाला घरात सगळे ठंदाबुक म्हणतायत.

म्हणून छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. आधी सगळ्या फाइली नव्या वर्डच्या साच्यात आणायच्या, मग प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट विचारायचा. क्रुती देव असेल तरच हात लावायचा. रात्री बारापर्यंत ४८० झाल्या. शिवाजीमधल्या उरल्या, त्यांचा तक्ता वेगळा. त्या नंतर सावकाश. मूळ आणि पीडीएफ हातात आहेत, तेव्हा युनिकोडवाचून नवी सिस्टीम अडत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

काम नाही. पूजेत वहीशेजारी बाहेरची डिस्क ठेवली गेली. मी ठेवलेली नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

बसवायच्या आधी आईने मिंट वापरून बघावं म्हणून पेन ड्राइव्हवरूनच चालू केलं. डिस्कला धक्का लागत नाही, आणि पटलं नाही तर परत फिरायला आजही मोकळे आहोत.

यूट्यूब, बँक, फोटो ठीक. आवाज ठीक. मग टायपिंग. मी उत्साहाने मराठी इनस्क्रिप्ट लावून दिलं; सरकारमान्य मांडणी, सगळीकडे मिळते, म्हणून. आई बसली, न बघता दोन्ही हात ठेवले आणि डाव्या मधल्या बोटाने 'क' ठोकला. उमटला हलन्त. रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर क तिथे असतो. इनस्क्रिप्टमध्ये तो उजव्या मधल्या बोटाखाली. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झालेली बाई किल्ल्या शोधायला लागली. मी म्हटलं, आठवड्यात सवय होईल. तिने माझ्याकडे बघितलं.

चूक माझी. तिची बोटं हीही जुन्या मशीनवरची एक चीज आहे, आणि तिची प्रत निघत नाही. आयबसमध्ये (लिनक्समधली टायपिंगची सोय) एम१७एन हा कीबोर्ड-मांडण्यांचा संच टाकला, त्याच्या यादीत रेमिंग्टन मिळालं. पुन्हा डावं मधलं बोट : क. पुढे एका दमात "विनंती अर्ज करण्यात येतो की", आणि तिथे थांबून, "पुढे काय लिहायचं ते सांग."

काही विरामचिन्हं थोडी इकडेतिकडे आहेत. तिने कागदावर लिहून घेतली, सात निघाली. कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवला.

प्रिंटर मात्र नाही म्हणतो. मशीनला तो दिसतो, कागद ओढत नाही. वेगळा ड्रायव्हर लागेल आणि त्याची खटपट मोठी दिसते. मी ड्युएल बूटचा विचार सुरू केला, म्हणजे विंडोजही कोपऱ्यात ठेवायचं, फक्त छपाईसाठी. आई म्हणाली, कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे, पीडीएफ पाठवली की काढून ठेवतो. एका प्रिंटरसाठी अख्खं बिऱ्हाड कशाला सांभाळायचं? पटलं.

पासवर्डचं राहिलं होतं. ब्राउझरमध्ये साठवलेले काढून आईच्या डायरीशी ताडले. डायरीत नऊ, ब्राउझरमध्ये चौदा. पाच असे होते की पुसून झाल्यावरच कळलं असतं. त्यातला पेन्शनचा ओटीपी बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जात होता. नंबर बदलायचा अर्ज टाकलाय. काम झालं की मगच ब्राउझर सोडायचा, असं ठरवलं होतं, पण विंडोजची डिस्क पुसणार नाहीच आहे, तेव्हा अडत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

ताई आली. ओवाळून झाल्यावर तिला तिचं फोल्डर विचारलं. कॉलेजातल्या जुन्या गेम्स ६० जीबी : "टाक." कोरलेल्या गाण्यांच्या सीड्यांची यादी : "ठेव." साखरपुड्याचा तिसरा तुकडा दाखवला, हिरव्या चौकोनांसकट. म्हणाली, बरोबर त्याच वेळी पेढा घशात अडकला होता, बरं झालं.

जुनी डिस्क काढली. केबल दोन्ही, डेटाची आणि पॉवरची. नव्या सिस्टीमने 'कुठली डिस्क पुसू?' विचारलं तर यादीत दुसरी असताच कामा नये. थकलेल्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. डिस्क एसएसडीच्याच पाकिटात घातली, वर लिहिलं : 'विंडोज १०, २०१४ ते ऑक्टो. २०२५, १६ सेक्टर खराब, दिवाळी २०२६ पर्यंत पुसू नये'. आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. प्रतिमेची डिस्क माझ्याबरोबर पुण्याला. अख्ख्या 'आई टायपिंग'ची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर, ताईच्या पर्समध्ये. एक घर, एक प्रत असं नको.

एसएसडी बसवली. बायॉस : एएचसीआय, यूईएफआय (मशीन चालू व्हायची नवी पद्धत), तारीख २३ ऑक्टोबर २०२५, प्लग काढून पुन्हा लावल्यावरही तीच. रॅमची ८ जीबीची जुनी पट्टी मिळाली तर घालायची, आत्ता ४ वर चालेल.

उरलेलं : शिवाजीतल्या १३२ फाइलींचं युनिकोड. प्रिंटर. पेन्शनचा नंबर. आईसाठी अक्षरं मोठी करणं.

मिंटने विचारलं, डिस्क पूर्ण पुसून बसवू का? यादीत एकच, नवी. आईला म्हटलं, तू दाब. तिने आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचली, बरोबर आहे म्हणाली, आणि ११ वाजून ४० मिनिटांनी बटण दाबून ताईचे फराळाचे डबे भरायला उठून गेली.